आधी मेसमध्ये जाऊन जेवा : विद्यापीठात स्वास्थ्याचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

सत्राच्या सुरुवातीला एक पत्र हातात पडतं. 'विद्यार्थी व कर्मचारी स्वास्थ्य समितीच्या समन्वयकपदी आपली नियुक्ती करण्यात येत आहे.' पत्र मिळालेली व्यक्ती बहुधा नुकतीच रुजू झालेली सहायक प्राध्यापक असते, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी असतो, नाहीतर वसतिगृहाची नवी रेक्टर. पत्रात निधीचा उल्लेख नसतो. मग मनात पहिल्यांदा येतात ते कार्यक्रम: एखादं व्याख्यान ठेवू, योगदिन करू, पोस्टर स्पर्धा घेऊ.

माझीही पहिली दोन वर्षं अशाच कार्यक्रमांत गेली. व्याख्यानं चांगली झाली, सभागृह भरलं. पण प्रयोगशाळेतून रात्री नऊला परतणाऱ्या मुलांच्या ताटात काय पडतं, हे मला त्या दोन वर्षांत ठाऊक नव्हतं. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी हेच सांगते: मुलांची आणि कर्मचाऱ्यांची तब्येत त्यांच्या रोजच्या दिवसात बिघडते. जेवणाच्या वेळेत, झोपेत, रांगेत, पगाराच्या तारखेत. दुरुस्ती तिथेच करायची. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे.

पायरी १ : पहिले पंधरा दिवस फिरा

समितीची बैठक लगेच बोलावू नका. एक वही घ्या आणि आवारात वेगवेगळ्या वेळी जा. सकाळी साडेसहाला गेटवर, दुपारी दीडला कँटीनमध्ये, परीक्षा विभागात अर्जांची गर्दी असते तेव्हा, रात्री पावणेनऊला मेसमध्ये आणि साडेदहाला ग्रंथालयाच्या अभ्यासिकेबाहेर. मेसमध्ये पाहुण्यांसाठी वाढलेलं ताट घेऊ नका, रांगेत उभं राहून शेवटच्या पंगतीला जेवा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर शेवटची साफसफाई कधी झाली ते लिहिलेलं आहे का, बघा. मुलींच्या स्वच्छतागृहात कडी लागते का, पाणी येतं का, पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, हे एखाद्या सहकारी बाईंबरोबर जाऊन बघा. मैदानावरून वसतिगृहाकडे येणाऱ्या रस्त्यावर किती दिवे बंद आहेत, ते मोजा.

यातून काय हाती लागतं, त्याचं एक उदाहरण देते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रॅक्टिकलच्या वेळी चक्कर येऊन खाली बसली. आरोग्य केंद्रात नेलं, रक्तदाब पाहिला, लिंबू सरबत दिलं. सकाळपासून काय खाल्लंस, असं विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, मेस आठला उघडते. लेक्चर साडेसातला असतं." तिच्यासारख्या किती जणी असतील, म्हणून वर्गात हात वर करायला सांगितले, तर निम्म्याहून जास्त हात वर. दुपारी एकपर्यंत चहा-बिस्किटावर.

मी तडक मेसच्या स्वयंपाकघरात गेले, थोड्या रागातच. तिथे पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी हात पुसले आणि सांगितलं, की त्या ज्या गावाहून येतात तिथली पहिली एसटी त्यांना सातला गेटवर सोडते. मग कणीक मळायची, पोह्यांची फोडणी करायची. आठच्या आधी होणार कसं? तोडगाही त्यांनीच काढला. "लवकर जाणाऱ्यांना पोहे कशाला? मी रात्री जाताना मटकी भिजवून ठेवते. अंडी रात्रपाळीचे मामा उकडतील. केळी, शेंगदाण्याचा लाडू ठेवा. पोरी डब्यात घेऊन जातील." पंधरा दिवसांनी सकाळी साडेसहाला मेसच्या दाराशी एक टेबल लागलं. मटकीचं पातेलं, त्यावर ओला पंचा, शेजारी लिंबाच्या फोडी आणि अंड्यांची टोपली. रात्रपाळीच्या मामांना या कामाचे वेगळे पैसे द्यायचं कंत्राटदाराकडून लिहून घेतलं. ते केलं नसतं तर मुलींच्या पोटासाठी मामांची झोप गेली असती. एवढ्याशा गोष्टीला वरून मंजुरी लागली नाही, व्याख्याता लागला नाही.

पायरी २ : आवारात आधीपासून काय आहे, ते शोधा

नवं काही उभं करण्याआधी जुन्याची यादी करा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ असतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातच त्याची तरतूद आहे. शिवाय आरोग्य केंद्र, क्रीडा विभाग, १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती, रॅगिंगविरोधी समिती. मानसशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान असे विभाग असतील तर तिथली माणसं ही तुमची मोठीच शिदोरी. प्रत्येकाकडे जाऊन बसा, चहा घ्या, ते काय करतात आणि कुठे अडतात ते विचारा. यातली निम्मी मंडळी एकमेकांना ओळखत नसतात.

मग कुलसचिवांसाठी एक पानाचं टिपण तयार करा. त्यात भावनेपेक्षा आधार जास्त असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी शारीरिक तंदुरुस्ती, क्रीडा, विद्यार्थ्यांचं आरोग्य आणि मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात विद्यार्थी सेवा केंद्राची कल्पना आहे. त्याहून ठोस आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. सर्व अध्यापक आणि अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यावं. मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गांत आणि सर्वांच्या वावराच्या जागी ठळक लावावेत, असं त्यात म्हटलं आहे. टिपणात हा परिच्छेद असला की फाईल 'पुढच्या बैठकीत पाहू' या शेऱ्याखाली सहसा दबून राहत नाही.

पायरी ३ : विचारा, पण ज्याला त्याला त्याच्या सोयीने

मुलांना मोबाईलवर नाव न विचारता सहा-सात प्रश्न पाठवा. रात्री किती वाजता झोपता? गेल्या आठवड्यात किती वेळा जेवण चुकलं? पैशांमुळे कधी मेस बंद केली का? मनातलं बोलायला आवारात कोणी आहे का? कोणत्या जागी जायला भीती वाटते? शेवटी एक मोकळी जागा ठेवा. खरी उत्तरं बहुधा तिथेच येतात. पन्नास प्रश्नांचा फॉर्म कोणी भरत नाही, आणि भरला तरी खरा भरत नाही.

सफाई कामगार, सुरक्षारक्षक, माळी, मेसचे कामगार, शिपाई यांना फॉर्म देऊ नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा, तेही पाळी बदलताना, दोघं-तिघं एकत्र असतील तेव्हा. त्यांचा मुकादम समोर नको. गेटवरच्या एका रक्षकाने मला सांगितलं, की बारा तासांच्या पाळीत तो पाणी कमी पितो, कारण जवळचं स्वच्छतागृह अर्धा किलोमीटरवर आहे आणि गेट सोडून जाता येत नाही. आम्ही मुलांना 'भरपूर पाणी प्या' असं सांगणारे फलक लावत होतो, तेव्हा तो त्याच फलकाखाली उभा होता. पाठीला आधार असलेली खुर्ची, पाण्याचा माठ, अर्ध्या तासाने आळीपाळीने सुट्टी देणारा जोडीदार, या त्याच्या मागण्या होत्या. 'विद्यार्थी आणि कर्मचारी' यातल्या कर्मचाऱ्यात हा माणूस धरला आहे ना, हे स्वतःला विचारत राहा. कंत्राटी माणूस कागदोपत्री विद्यापीठाचा नसतो, पण दिवसाचे बारा तास तो इथेच असतो.

पायरी ४ : एकच गोष्ट निवडा आणि महिन्याभरात ती करून दाखवा

पाहणीत पंचवीस अडचणी निघतील. त्यातली एक उचला: जी जास्तीत जास्त लोकांना रोज बोचते आणि जी तुमच्या पातळीवर सुटू शकते. पाण्याची टाकी धुऊन तारीख लिहिणं, रस्त्याचे दिवे, मुलींना मैदानावर ठरलेला तास, मेसची वेळ. लोकांना एक काम पूर्ण झालेलं दिसलं की पुढच्या पाहणीला ते खरी उत्तरं देतात.

पायरी ५ : मनाच्या दुखण्यासाठी जागा, माणूस आणि चार वाक्यं

या पायरीवर घाई करू नका.

आधी जागा. समुपदेशकाची खोली प्रशासकीय इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये, बाहेर मोठी पाटी आणि समोर बाक, अशी असेल तर तिथे कोणी येणार नाही. ज्या इमारतीत मुलं इतर कामांनाही जातात, म्हणजे ग्रंथालय, आरोग्य केंद्र किंवा क्रीडा संकुल, तिथली आतली खोली मिळवा. वेळ संध्याकाळी पाच ते आठही हवी, कारण सकाळी मुलं वर्गात असतात आणि कर्मचारी टेबलावर. नोंदवही उघड्यावर नको. विभागप्रमुखांनी 'ती मुलगी काय म्हणाली?' असं विचारायचं नाही, हे लेखी ठरवून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका दिसत असेल तर मात्र सुरक्षेसाठी जेवढ्यांना कळवणं गरजेचं आहे तेवढ्यांना कळवायचं. मुलांना हा अपवाद पहिल्या भेटीतच सांगावा, म्हणजे नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

मग माणसं. एक समुपदेशक हजारो मुलांना पुरणार नाही. ज्यांना सगळ्यांत आधी कळतं त्यांना तयार करा. अमक्या खोलीतली मुलगी तीन दिवस दार उघडत नाही, हे झाडू मारणाऱ्या मावशींना रेक्टरच्या आधी समजतं. एखादा मुलगा रात्री दोनला गेटजवळ फेऱ्या मारतो, ते रक्षक पाहतो. उधारी वाढली की कँटीनवाल्याला कळतं. या सगळ्यांचं दोन तासांचं प्रशिक्षण मराठीत घ्या, खुर्च्या गोल मांडून. त्यांना उपचार शिकवायचे नाहीत. बघायचं, विचारायचं, ऐकायचं आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवायचं, एवढंच त्यांचं काम.

विचारायचं कसं, याचा सराव करून घ्या, कारण तोंडात पहिलं वाक्य येतं ते 'टेन्शन घेऊ नकोस'. त्यापाठोपाठ 'आईवडिलांचा तरी विचार कर', आणि मग 'आमच्या वेळी तर...'. ही तिन्ही वाक्यं बोलणाऱ्याचं तोंड बंद करतात. त्याऐवजी दिसलेलं सांगा: "चार-पाच दिवस तू जेवायला दिसली नाहीस." मग विचारा: "काही त्रास होतोय का? मला वेळ आहे, बसूया." मग गप्प राहा. शांतता लांबली तरी ती भरायला जाऊ नका. बोलणं निराशेकडे गेलं तर सरळ विचारा: "जगणं नको असं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो ही भीती खरी नाही, उलट विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, समुपदेशकाला किंवा आरोग्य केंद्राला फोन लावा, कोणीतरी सोबत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. 'उद्या बघू' म्हणायचं नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न केला असेल तर २०१७ च्या याच कायद्यानुसार ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिची काळजी घेणं अपेक्षित असतं. पोलिसांची भीती घालून कुटुंबाला गप्प बसवणारं कोणी भेटलं तर त्याला हे सांगा.

फोन क्रमांक पाठ असू द्या. टेली मानस : १४४१६. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर करता येते. क्रमांकांचा फलक नोटीस बोर्डावर इतर पंचवीस कागदांत लावू नका. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे माणूस एकटा असतो, कोणी बघत नसताना क्रमांक टिपून घेता येतो.

पायरी ६ : शरीराची तपासणी, आणि तिच्यानंतरचे तीन महिने

रक्ततपासणीचं शिबिर सगळे घेतात. अहवालाचा कागद हातात पडला की शिबिर संपतं, आणि तिथेच ते फसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तुमच्या वसतिगृहातल्या मुली आणि सफाईच्या मावशी त्याच वयोगटातल्या आहेत. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला डॉक्टरांकडे पाठवा, गोळ्या सुरू झाल्या की महिन्याने आठवण करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मेसवाल्यांना बोलवा: आठवड्यात दोनदा हिरवी पालेभाजी, एकदा अळीव किंवा तीळ-गुळाचा लाडू, ताटात लिंबाची फोड, आणि चहा जेवणाबरोबर न देता तासाभराने. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हे किती जणींना माहीत नसतं!

चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांचा रक्तदाब आणि साखर वर्षातून दोनदा बघा. परीक्षा विभागातली मंडळी निकालाच्या दिवसांत दहा-दहा तास खुर्चीत असतात. त्यांच्याकडे आरोग्य केंद्रातली नर्स यंत्र घेऊन टेबलाशी गेली तर पाच मिनिटांत काम होतं. शिबिराला बोलावलं तर ती येत नाहीत.

व्यायामाचं सोपं ठेवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोजची पंचवीस मिनिटं भरभर चालणं झालं तरी ते भरतं. २१ जूनचा योगदिन अवश्य करा, पण त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी नवी मुलं अजून आलेलीही नसतात. रोज सकाळी सहाला पंधरा जणांचा वर्ग वर्षभर चालला तर ते मोलाचं. मैदानाचा एक तास मुलींसाठी आणि महिला कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवा, दिवे लावून. पहिले दोन आठवडे कोणी येणार नाही, तरी तो तास दुसऱ्या कोणाला देऊ नका.

गेटबाहेरच्या टपरीकडेही बघा. तंबाखूविरोधी कायदा २००३ चा आहे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला त्यात बंदी आहे. टपरीवाल्याशी आधी माणुसकीने बोला, त्याला फळं, ताक, भेळ ठेवता येईल का, हे विचारा. नाही ऐकलं तर तक्रार करा.

पायरी ७ : पैसा

या लेखात हा विषय कशाला, असं वाटेल. पण मुलांच्या निद्रानाशामागे मला सगळ्यांत जास्त वेळा पैसाच सापडला. शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, घरी कापूस किंवा कांदा पडलेल्या भावाने गेलेला असतो, मेसचं बिल थकतं, आणि मुलगा 'मला भूक नाही' असं म्हणू लागतो. हे वाक्य सलग तीन दिवस ऐकू आलं तर चौकशी करा.

'कमवा आणि शिका' योजनेची माहिती प्रवेशाच्या दिवशीच द्या, कारण जागा लवकर भरतात. शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी भरलेला छोटा तातडीचा निधी ठेवा. त्यातून मेसचं बिल परस्पर कंत्राटदाराला जावं, मुलाला रांगेत उभं राहून मागावं लागू नये. नावं कुठेही लावू नका, धनादेश देतानाचा फोटो काढू नका. घेणाऱ्याची मान खाली गेली तर पुढचा मुलगा उपाशी राहील, पण तुमच्याकडे येणार नाही.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचंही हेच. मानधन महिनोन् महिने रखडतं आणि ते वर्गात हसतमुख उभे असतात. ते वेळेवर काढणं समितीच्या हातात नाही, पण वित्त विभागाला दरमहा आठवणीचं पत्र पाठवणं आहे. आम्ही ते पाठवत राहिलो. उशीर संपला नाही, कमी झाला.

पायरी ८ : काय मोजायचं

कार्यक्रम किती झाले, उपस्थिती किती, हे अहवालात लागतंच; ते द्या. स्वतःच्या वहीत वेगळं मोजा. समुपदेशकाकडे या महिन्यात किती जण आपणहून आले? दुसऱ्यांदा किती आले? रक्तक्षय निघालेल्यांपैकी किती जणींची फेरतपासणी झाली? पाण्याच्या टाकीची तारीख ताजी आहे का? शेवटच्या पंगतीला भाजी उरते का? समुपदेशकाकडे येणाऱ्यांचा आकडा पहिल्या वर्षी वाढेल. त्यावर वरून कोणी म्हणेल, 'आपल्याकडे प्रॉब्लेम वाढले की काय?' तेव्हा शांतपणे सांगा, की मुलं आता बोलू लागली आहेत.

पायरी ९ : नव्या मुलांची पहिली रात्र

वसतिगृहात नवी मुलं येतात त्या रात्रीची तयारी आठवडाभर आधी करा. गावाहून पहिल्यांदाच बाहेर पडलेली मुलगी ट्रंकेवर बसून असते, वडील एसटी पकडायला निघून गेलेले असतात, आणि मेस कुठे आहे हे विचारायला तिला कसंतरी वाटतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलींपैकी प्रत्येकीला दोन-दोन नव्या मुली वाटून द्या. जेवायला बोलवायला त्यांनीच जायचं. रेक्टरांनी त्या रात्री मेसमध्ये मुलांबरोबर जेवावं. प्रत्येक दाराच्या आत एक कार्ड: रेक्टरचा मोबाईल, आरोग्य केंद्र, समुपदेशकाची वेळ, १४४१६. आणि रात्री साडेनऊला एकदा कॉरिडॉरमधून चक्कर मारून ज्या दाराखालून उजेड येतोय पण आवाज येत नाही, ते दार हलकेच वाजवा. "जेवलीस का?" एवढंच विचारा.